तिसऱ्या पायरीची ट्रंक

नको गे, तिथं नको टेकू — ती पायरी ओली आहे अजून, चुडीदारला लागला तर हा रंग रॉकेलनंसुद्धा निघायचा नाही. ह्या पाटावर बैस. साईप्रिया ना तू? अग ओळखलं, ओळखलं, आमच्या संगीताबरोबर कंप्यूटर क्लासला जायचीस, दोघी एका सायकलवर — बारीक झालीस म्हणून विचारलं. फिल्टरची कापी ठेवू? नको कसं? पी. ह्या घरात हल्ली कुणी कापी पीत नाही. संगीता गेल्यापासनं जी जी आली ती दुखवट्याला आल्यासारखी आली — ओट्यावर टेकली, माझ्या तोंडाकडं पाहिलं, पाण्याला हात न लावता उठली, ‘येते’ न म्हणता गेली. माणूस मेलेल्या घरून तसंच उठायचं असतं, न सांगता, ते बरोबर आहे. पण इथं मेलं कोण? पोरीनं लग्न केलं, क्लासात शिकवणाऱ्या नटराजशी. तमिळ आहे, आपल्या मराठी लोकांतला नाही, हे मला ठाऊक आहे, तू सांगायला नको. तिरुवैयारुत राहते. टाउन बसनं जावं आणि स्वयंपाकाच्या वेळेला परत यावं इतकं जवळ. — थांब, थांब, काय सांगायला आलीस ते मग सांग. आधी ही कड संपवू दे, ब्रश वाळतो.

ही होय? ही कोलूची पडी. नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्या, दुसरं काय. आपली नव्हे, राजम मामींची, मेलवीधीच्या कोपऱ्यावरच्या. मुलगा अमेरिकेला गेला, घर विकलं, म्हातारा-म्हातारीला घेऊन गेला. बाहुल्या नेल्या त्यांनी, पडी कशी नेणार विमानातून? तर ह्यांनी घेतली. हातगाडीवर घालून आणली भर दुपारी, सगळी वीधी बघत होती, रस्ताभर माणसं. मी म्हटलं, पितृपक्षात घरात नवी वस्तू आणू नये. तर म्हणाले, नवी कुठं आहे, जुनीच आहे ना. बरं. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणून पुढ्यात ठेवला, म्हणाले, नवी दिसली पाहिजे. आता तूच सांग — जुनी म्हणून आणायची आणि नवी म्हणून मांडायची! वरचा हिरवा खरवडला तर खाली निळा निघाला, निळ्याखाली काव. उप्पुताळ — सँडपेपर ग — घासून घासून बोटं सोलली, बघ. दुखत नाहीत. मला हल्ली काही दुखत नाही. तव्याला हात लागला होता, तो फोड आल्यावर कळला.

हसतेस काय? ठाऊक आहे मला, वरनं पांढरी वेष्टी, ह्यांचं धोतर, अंथरायची, सगळ्या पायऱ्या झाकून जायच्या, मग रंग दिसणार कुणाला? हेच विचारलं मी ह्यांना. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणाले. झाकली मूठ! आमचं कोंबडं केव्हाच आरवलंय, मेलवीधीपासनं स्टेशनापर्यंत ऐकलंय लोकांनी, आणि हे मूठ झाकत बसलेत. पण रंगवते. रंगवायला बरं वाटतं — बरं म्हणजे, काही वाटत नाही, ते बरं. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. हात चालतो, डोकं गप्प बसतं. रडू येत नाही का विचारत होती तुझी आई. नाही येत. सांग तिला. लोकांना वाटतं मी धीराची आहे. धीर कसला, लाकूड झालंय.

आधी काय करायचो म्हणजे? अग, आपल्याकडं विकतची पडी कधी नव्हतीच. घरातलंच मांडायचं — खाली पाट, त्याच्यामागं रॉकेलचे डबे, तिसऱ्या पायरीला विटांवर ती मोठी ट्रंक, मागं टेबल, टेबलावर पेटी. वर वेष्टी घातली की झाल्या पाच पायऱ्या, राजवाड्यासारख्या. तू येऊन हरभऱ्याचं सुंडल खाऊन जायचीस की, द्रोणभर खाऊन आणखी मागायचीस. त्या ट्रंकेतच वर्षभर बाहुल्या असायच्या, नवरात्रात बाहुल्या बाहेर आणि रिकामी ट्रंक पायरीखाली. तर ती ट्रंक गेली ना. संगीता तिच्यात कपडे भरून घेऊन गेली. मधली पायरीच गेली, आता मांडायचं कशावर? आणि येणाऱ्या बायकांना सांगायचं काय? म्हणून ही पडी. ह्यांनी तसं सांगितलं नाही मला. हे काहीच सांगत नाहीत, पण चोवीस वर्षं संसार केलाय, कळतं. बाहुल्या होय? आहेत की, त्या काय टोपल्यांत. माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत एकेक गुंडाळलेली, नाक नाही गेलं कुणाचं की बोट नाही तुटलं. ह्यांना वाटतं संगीतानं काढून ठेवल्या. पळून जायच्या घाईतली पोर बाहुल्या गुंडाळत बसेल का गे? पण पुरुषांना हे सुचत नाही. ह्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही.

गेली त्या संध्याकाळी ह्यांनी विहिरीवर तिच्या नावानं अंघोळ केली. डोक्यावरनं. मला म्हणाले, तूही कर. केली. पाणी गार होतं, एवढंच आठवतं. मग नवरात्र जवळ आलं तशी मी एकदा जेवताना म्हटलं — भांडायला नव्हे हां, भांडायला अंगात काही लागतं — मी म्हटलं, मुलगी मेली म्हणता, तर यंदा वर्षभर सण नाही. कोलू नाही. ज्या घरात माणूस गेलं तिथं कोलू मांडत नाहीत. हे ताकभात कालवत राहिले. कालवून झाला तरी कालवत राहिले. आणि दुसऱ्या दिवशी हातगाडीवरनं ही पडी आली. मी काय समजू? मेली असेल तर कोलू नाही. कोलू आहे तर मेली नाही. काहीतरी एक. दोन्ही कसं चालेल?

आणि ऐक, हे कुणाला बोलले नाहीये मी. परवा महालय घातला ह्यांनी. वाध्यार आले होते श्राद्ध सांगायला, ते आपले कृष्णमूर्ती वाध्यार. पितरांची नावं घेऊन तीळपाणी सोडायचं — आई, बाप, आजा, मग काका, आत्या, मग ज्याच्या घरचं जे गेलं असेल ते, बायको, मुलगा, मुलगी. मी आत वडे तळत होते, कान बाहेर. वाध्यारांनाही कळलेलं, गावाला कळलंय. हळूच म्हणाले, ‘व्यंकटरमण राव, मुलींत कुणाचं नाव घ्यायचंय?’ ओंजळीत पाणी, पाण्यात तीळ. वाध्यार थांबले. मी झारा धरून उभी. पाणी बोटांतनं गळत होतं, ते ताम्हणात पडलेलं ऐकू येत होतं मला, इतकं शांत. मग हे म्हणाले, ‘नाही. कुणी नाही. पुढं चला.’ माझा घाणा करपला. पितरांच्या पानाचे वडे, पुन्हा वाटून तळावे लागले. अंघोळ रागात करता येते, पोरी. तीळपाणी नाही सोडता येत रागात.

हं, संपली कड. आता सांग, काय निरोप आहे? अग त्यात दचकायचं काय, निरोपाशिवाय तू कशाला येतेस, मी लोकांचे चेहरे बघून बघून शिकले आता. बोल, हे घरी नाहीत.

काय? — ट्रंकेच्या तळाशी? आत्ता सापडली तिला? इतके महिने तळ नाही गाठला म्हणजे ट्रंक नीट रिकामीसुद्धा केली नसेल, वरच्यावर उपसत असेल, तशीच आहे ती. हो, मरप्पाची बाहुल्यांची जोडीच ती. लाल लाकडाचे राजा-राणी, हातभर. माझ्या लग्नात माझ्या आईनं मला दिली. आपल्याकडं लेकीला देतात तशी, तिनं तिच्या घरी कोलू मांडावं म्हणून. कपड्यांखाली गेली असेल चुकून म्हणते? चुकून कशी जाईल? निळ्या रेशमी खणात गुंडाळली होती ना? मग? चिंध्यांत नव्हती गुंडाळली, खणात होती. चुकून कोण घालतं खणात?

परत पाठवू का विचारते. कोलूला लागेल म्हणते, जोडी मांडल्याशिवाय आई बाकीच्या बाहुल्या मांडणार नाही म्हणते. एवढं आठवतं तिला. बरं आहे.

नको. तुझ्याकडं देऊ नको म्हण. लेकीला दिलेली जोडी परत घेत नाहीत. वरची पायरी राहील रिकामी. हे बघतील. पहिल्या दिवशी कलशाशेजारी जोडी नाही म्हणजे ह्यांना दिसल्याशिवाय राहणार नाही, दर वर्षी हेच तर हातात देतात माझ्या. विचारतील, जोडी कुठं आहे. विचारू देत. इतक्या दिवसांत ह्या घरात कुणी कुणाला काही विचारलेलं नाही, मीठ कमी आहे का एवढंसुद्धा नाही. विचारलं तर सांगेन.

नाहीतर असं कर. तिला म्हण, पाठवू नको, घेऊन ये. नवरात्रात ये. कोलूच्या दिवसांत दारात सुवासिनी आली तर तिला कुंकू आणि विडा दिल्याशिवाय माघारी धाडता येत नाही, ह्यांच्या बापालासुद्धा नाही, आणि पडी ह्यांनीच आणलीय, मी नाही. जोडी दाखवून घेऊन जा म्हण परत तुझ्या घरी. आणि ट्रंकेतनंच आण म्हण. एकटीनं नको पण. एकटीला उचलत नाही ती — दोन्ही बाजूंना कड्या आहेत, एकानं इकडची धरायची, एकानं तिकडची. मला ठाऊक आहे. दारातल्या ऑटोपर्यंत इकडची कडी मीच — असो. तू ऐकलं नाहीस. तिकडची नटराजला धरू दे म्हण.

अशी बघू नको माझ्याकडं. रंगाच्या वासानं आलंय डोळ्यांना पाणी, बस्स. कापी राहिलीच की तुझी. गॅसवर — जाऊ दे, मोपेड वाजली बघ, हे आले. ऊठ. त्या बाजूनं नको, तिथं पायरी ओली आहे, ह्या बाजूनं जा, समोरच्या दारानं जा, चोरासारखं मागनं नको. ह्यांनी विचारलं तर म्हण, पडी बघायला आले होते. आणि हे बघ, साईप्रिया, न सांगता नाही जायचं. ‘येते’ म्हण. — अशी तोंडातल्या तोंडात नको गे. मोठ्यानं म्हण. त्यांना ऐकू जाऊ दे.