ताईची पांढरी साडी

(रोशन, वय पंचवीस, नागपुरात लग्नांमध्ये नवरीला साडी नेसवून देतो. त्यानं सांगितलं, तसं लिहिलं.)

मी सावनेरकडचा. बाबा कोळशाच्या खाणीत कामाले, माय शाळेत पोट्ट्यांची खिचडी शिजवते, अन् आम्ही दोघं, मी आनि ताई. ताई म्हनजे प्रणाली, माह्याहून तीन वर्षानं मोठी. पौर्णिमेले माय विहारात जाले निघे तं पांढरी साडी नेसे, अन् मले म्हने, बाबू, खाली बस, निऱ्या धर. ताईले नाही सांगे, ताईनं धरल्या का सगळ्या तिरप्या होत. मी खाली बसून एकेक निरी बोटानं सरळ करो, माय हसे, म्हने तुहा हात चांगला आहे. काय सांगू तुम्हाले, दुसरं काही चांगलं आहे असं मले कोनी म्हनलंच नव्हतं, अभ्यासात मी असातसाच, खेळात तं कोनी घेतच नव्हतं.

मग बी. कॉम.ले नागपूरले आलो. कॉलेज सकाळचं, म्हनून दुपारून इतवारीत एका साडीच्या दुकानात लागलो. तिथं शर्ट-पँटवरच साडी गुंडाळून गिऱ्हाइकाले दाखवा लागते, तुम्ही पाहिलंच असन. पहिल्या दिवशी मी उभाच राहिलो तं शेठ म्हनला, लाजतो काहून गा, साडी घडीत कोनाले समजते का? घेतली खांद्यावर. एक बाई पाहून राहिली होती, पार्लरवाली, मॅडमच म्हनतो मी तिले. तिनं विचारलं, या निऱ्या तू आत्ता, उभ्या-उभ्या पाडल्या? म्हनलं हो. म्हने, रविवारी माह्यासोबत चल, एक नवरी आहे.

तेव्हापासून हेच करून राहिलो, चार वर्षं होतात आता. लोकायले वाटते साडी गुंडाळाची तं त्यात काय आहे. पन तसं नाही. आदल्या दिवशी साडी घरी आनाची, पदराच्या अन् खालच्या निऱ्या मोजूनमापून पाडाच्या, इस्तरी फिरवाची, पिना लावाच्या, अन् डब्यात अशी घडी ठेवाची का नेसवाले दहा मिनिटं बस होते. नवरीच्या खोलीत गेलो का आधी सगळ्या बाया चूप होतात. पोट्टा आला ना. मी सांगून ठेवलं आहे, नवरीची माय नाही तं मावशी, कोनीतरी खोलीत पाहिजेच, दार उघडं पाहिजे. मी वर पाहत नाही. ताई हात वर करा, ताई श्वास घ्या, एवढंच बोलतो. काम झालं का बाहेर. फोटोवाला आत जाते अन् मी बाहेर निघतो, हे ठरलेलंच. हजार फोटो निघतात, त्यात मी कुठं नाही. जेवून जा असं कोनी म्हनते कोनी नाही म्हनत, म्हनलं तरी अनोळखी पंगतीत एकट्यानं बसाले कसंतरी होते.

खोली नागपुरातच महाल भागात आहे माही, एका गल्लीत, वर. सीझन नसला का दिवस जात नाही. खरं सांगतो, पावसाळ्यात कधीकधी दोन-दोन दिवस मी कोनाशी बोललेला नसतो, दूधवाल्याले भैया अर्धा लिटर म्हनतो तेवढंच. जुने दोस्त होते दुकानातले, त्यायची लग्नं झाली.

घरी मी दुकानातच आहे म्हनून सांगितलं होतं. खोटं बोलाचं नव्हतं, पन बोललो. मग एका नवरीनं व्हिडिओ टाकला, माहं तोंड अन् हात सगळं दिसे त्यात, अन् तो व्हिडिओ माह्याआधी गावाले पोचला. खाणीवर बाबाच्या ड्युटीतल्या लोकायनं मोबाईल दाखवला, पाहा म्हने, तुमचा पोरगा बायायले साड्या नेसवते. मी घरी गेलो तं बाबा रागावले नाही. रागावले असते तं बरं झालं असतं. ते चहा घेऊन राहिले होते, म्हनले, तू तं दुकानात होता ना. बस, एवढंच. त्याच्यानंतर माह्याशी सरळ बोलले नाही.

त्याच वर्षी ताईचं जमलं, कन्हानच्या पोराशी. चांगली मानसं, पोरगा मास्तर. ताई लहानपनापासून म्हने, माह्या लग्नात निऱ्या रोशनच पाडन. अन् आमच्यात नवरीले पांढरी साडी राहते, तुम्हाले माहीत असन. पांढऱ्यात जरा बी चूक लपत नाही, इस्तरीचा डाग, पिनेचं भोक, सगळं दिसते. मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. मग पोराच्या मावशीचा फोन आला, तिनं तो व्हिडिओ पाहिलेला. नवरीच्या खोलीत भाऊ कशाले, म्हने, आमच्याकडचे लोकं हसतीन, पार्लरवाली लावा. बाबा माह्याकडे न पाहताच म्हनले, तू त्या दिवशी पंगतीकडे पाहा. मी ताईकडे पाहिलं. म्हनलं, ताई, तू बोल ना काही. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. म्हने, राहू दे रोशन, मले तिथं जन्म काढाचा आहे.

तिचं चुकलं असं मी म्हनत नाही. पन मले ते लागलं, आजबी लागते.

तरी साडी मी घेऊन आलो नागपूरले. मायनं गुपचूप पिशवीत घालून दिली. एक अख्खा रविवार दार लावून, गादीवर नवी चादर टाकून मी त्या निऱ्या पाडल्या, दोनदा मोडल्या, तिसऱ्यांदा पाहिजे तशा बसल्या. डबा मायच्या हातात दिला.

लग्नाच्या दिवशी मी पंगतीत पानी वाढून राहिलो होतो. ताई खोलीतून बाहेर आली अन् मले दुरूनच समजलं, माह्या निऱ्या नव्हत्या त्या. पार्लरवालीले घडी समजली नसन, तिनं सगळं मोडून आपल्या मनानं नेसवलं होतं. वंदना झाली, फुलं पडली, अन् स्टेजच्या पायऱ्या उतरताना ताईचा पाय साडीत अडकला. पडली नाही, पन कंबरेपासून निऱ्या सुटून राहिल्या होत्या. तिनं एका हातानं धरल्या अन् मान वर करून पाहिलं, सगळ्या मांडवात पाहिलं, अन् मी दिसलो. मी पान्याचा जग खाली ठेवला. एक पाऊल टाकलं बी. बाबा पाहून राहिले होते, ती मावशी पाहून राहिली होती. ताईनं मान हलवली. नको. एवढीशी हलवली, दुसऱ्या कोनाले दिसली बी नसन. मी थांबलो. माय धावली अन् आपल्या मंगळसूत्राले अडकवलेली पिन काढून तिथं लावली.

निघताना ताईनं मले धरलं, कानात म्हने, तुही घडी मी पाहिली होती रे, मी तिले मोडू नको म्हनलं, तिनं ऐकलं नाही. मी म्हनलं, जाऊ दे वं, सुखी राय. ती गाडीत बसली. मी पंगतीचे ग्लास गोळा केले.

आता ती सुखात आहे, एक पोरगी आहे तिले. मागच्या महिन्यात फोन आला, रोशन, माह्या ननदेचं लग्न आहे, मावशी म्हनते तुहा भाऊ साडीची घडी करून देईन का, नेसवाले आमची बाई आहे. मी म्हनलं, पाठव. केली, पाठवली. चांगली झाली म्हने, सगळ्यायनं विचारलं कोनी केली म्हनून. काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. लग्नाले ये असं बी कोनी म्हनलं नाही, अन् म्हनलं असतं तं गेलो असतो का, माहीत नाही.

काम सोडाचं नाही मले. मले येते ते हेच. मॅडम म्हने दुकान टाक, पाहू. लग्नाचा सीझन सुरू झाला आहे, उद्या बी एक नवरी आहे, बिचारी घाबरलेली वाटली फोनवर, तिचं चांगलं होवो.

माय संध्याकाळी फोन करते, जेवला का विचारते. बाबा फोनवर येत नाही. पन आता काही दिवसांपासून मागून त्यायचा आवाज येते, मायले म्हनतात, विचार त्याले, तिकडे थंडी आहे का. सावनेर अन् नागपूर, किती दूर आहे सांगा, थंडी काय वेगळी राहीन. पन मी मायले म्हनतो, आहे म्हन बाबाले. थोडीशी आहे.