मेणाचे मुखवटे

अल्बुसिया बाईसाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा मी पाण्याच्या रांगेत होते. पुढे त्यांचे केस विंचरणारी आंधळी निसे आणि तिची शेजारीण उभ्या होत्या.

"घराण्यातल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घालून नट चाललेत गं. बाईसाहेबांचा मुखवटा कुठाय?"

"बायकांचा करत नाहीत. पदावर बसलेल्या पुरुषांचाच करतात."

"नवऱ्याला पदावर बसवलं कुणी?"

"त्यांनीच. कुणाला जेवायला बोलवायचं, कुणाचं मन वळवायचं, ते केस विंचरून घेताना ठरवायच्या."

"मग त्यांचा चेहरा राहणार कुठे?"

"माझ्या बोटांत, असं वाटायचं. चाळीस वर्षं रोज हाताखाली होता."

"वाटायचं?"

"काल शेवटचे केस विंचरले. ते थंड कपाळ बोटांना ओळखू आलं नाही. आता तेवढंच आठवतं."

"घागर पुढे कर, निसे. तुझी पाळी आली."