शुक्रवारचा फोन

मी मूळची नागपूरची, बाबा रेल्वेत फिटर होते. आमच्या घरात शाळा म्हणजे काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला समजेल. माझ्या आजोबांना गावच्या शाळेत वर्गाबाहेर दाराशी बसवायचे, ते तिथूनच ऐकून शिकले, आणि बाबांनी आम्हाला तापातसुद्धा शाळा बुडवू दिली नाही. मी बी.एस्सी. झाले, लग्न झालं, ह्यांना जर्मनीत एर्लांगेनला संशोधनाचं काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा आमची मित्रा चार वर्षांची होती. खरं नाव संघमित्रा, पण इथं ते कोण उच्चारणार बाप्पा.

इथं किंडरगार्टनला जायला लागली आणि पोरीचं मराठी गेलं. गेलं म्हणजे समजायचं सगळं, पण मी मराठीत विचारणार आणि ती जर्मनमध्ये उत्तर देणार. आणि माझं जर्मन काय, मी काम करायची त्या बेकरीच्या काउंटरवरचं, ब्रेड कोणता देऊ, कापून देऊ का, एवढंच. ती मनातलं काही बोलायला लागली की अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं, मी नुसती या, या, गेनाऊ, म्हणजे हो, हो, बरोबर, करत मान हलवायची. काय सांगू तुम्हाला, पोटच्या पोरीपुढे पाहुण्यासारखं बसायचं.

तेरा वर्षांची झाली आणि तिला किडनीचं दुखणं लागलं. चेहरा सुजला, पाय सुजले, भारी औषधं सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले गर्दीत न्यायचं नाही, साधी सर्दी लागली तरी महागात पडेल, शाळा बंद. आता जर्मनीत मुलांना घरी शिकवायला कायद्यानं मनाई आहे, मूल शाळेत गेलंच पाहिजे, पण मूल आजारी असलं तर शाळाच आपले शिक्षक घरी पाठवते, हाउसउंटररिश्ट म्हणतात त्याला. तशी आमची मित्रा सात महिने घरी शिकली. बाबांना स्काइपवर सांगितलं तर म्हणाले, घरी बसवली का माय पोरीले? मी म्हटलं, बसवली नाही बाबा, आजारी आहे ती. हो हो, म्हणाले, पण तेव्हापासून दर आठवड्याला रिपोर्ट काय आला, रिपोर्ट काय आला, हेच.

आठवडा कसा जायचा सांगते. सोमवारी गणिताच्या फ्राउ लिंडनर यायच्या, बुधवारी जर्मन आणि इंग्रजी शिकवायला एक सर यायचे, गुरुवारी क्लिनिकमध्ये रक्त तपासायला द्यायचं, शुक्रवारी त्याच्या रिपोर्टचा फोन. शिक्षक यायच्या आधी ही जीन्स घालून, केस बांधून, दप्तर भरून, पायात बाहेरचे बूट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. मी म्हटलं घरात बूट काहून गं, तर म्हणे शाळेत कुणी घरातल्या चपला घालून जातं का? आणि रोज सकाळी साडेसातला खिडकीत उभी. खालून सायकलींची रांग शाळेकडे जायची, तिच्या वर्गातल्या पोरी त्यात असायच्या, आणि ही पडद्याआड, सुजलेला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. ते बघवायचं नाही मला.

मी बेकरीत दुपारची ड्यूटी घेतली होती, त्यामुळे सकाळ सगळी आम्हा दोघींची. आणि हळूहळू पोरगी मराठी बोलायला लागली हो. मैत्रिणी नाहीत, वर्ग नाही, बोलणार कुणाशी, माझ्याशीच. आधी एकेक शब्द, भूक नाही, पाणी दे, मग मोडकीतोडकी वाक्यं, मग प्रश्न. आई, तू आठवीत होती तेव्हा तुला मैत्रिणी होत्या का, तुला कुणी आवडायचा का, तू इकडे आली तेव्हा रडली का. तिला मीठ बंद होतं म्हणून आम्ही तिघंही आळणी जेवायचो, आणि त्या आळणी जेवणावर आमच्या दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत. मला इतकं बरं वाटायचं की लाज वाटायची. पोरगी आजारी आणि आई खुशीत.

तर एका शुक्रवारी फोन आला. मित्रा आंघोळीला गेली होती. क्लिनिकच्या बाई म्हणाल्या, सगळं छान आहे, सोमवारपासून शाळेत जाऊ दे. मी डांके म्हणून आभार मानले आणि फोन ठेवला. पोरगी केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, फोन क्लिनिकचा होता का, म्हणाली, मराठीत. आणि मी म्हटलं, नाही, बेकरीचा.

तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. ह्यांनाही नाही सांगितलं. मनाशी म्हटलं, शनिवार-रविवार सुट्टीच असते, कुणाचं काय बिघडतं, रविवारी संध्याकाळी सांगू. शनिवारी तिच्या डोक्याला तेल लावलं, तिला भाकरी थापायला शिकवली, तिसरी भाकरी फुगली तेव्हा कितीतरी दिवसांनी ती मोठ्यानं हसली. आणि मग तवा उतरवताना म्हणाली, आई, मी कधीच बरी नाही झाली तर? उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी नुसतं म्हटलं, होशील गं. एवढंच म्हटलं मी.

रविवारी सकाळी स्काइपवर बाबा. पहिलाच प्रश्न, रिपोर्ट काय आला माय? मित्रा माझ्या शेजारीच बसली होती. बाबांपुढे मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, चांगला आला बाबा, उद्यापासून शाळा. बाबा रडायलाच लागले. मित्रानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? जर्मनमध्ये विचारलं. मी म्हटलं, शुक्रवारपासून. ती उठली, खोलीत जाऊन दप्तर भरू लागली. सोमवारी गेली, दारातून वळूनही पाहिलं नाही, आणि परत आली ती जर्मनच बोलत आली.

आता ती एकोणीसची आहे, तब्येत छान आहे, मीठ खाते. माझंही जर्मन सुधारलं, पण तिच्या बोलण्याच्या वेगाला पुरत नाही. गेल्या महिन्यात, तिनं प्रवेशाचा अर्ज केला होता त्या दूरच्या कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा ती लायब्ररीत होती. मी पाकीट न उघडता सायकल काढली आणि धापा टाकत तिच्या हातात नेऊन दिलं. तिनं वाचलं, मला मिठी मारली, भराभर जर्मनमध्ये बोलत सुटली, मला अर्धंच समजलं. म्हटलं, जा बाई, खूप शीक.

तिनं कधी त्या शुक्रवारचा विषय काढला नाही, मी माफीही मागितली नाही. चूक होती, मान्य आहे मला. पण त्या दोन दिवसांत पोरगी माझी होती, ते दिवस परत कर म्हणाल तर मी नाही करणार.