वर कोण, खाली कोण

(मालगुंड. मथुरा आणि सखाराम पडवीत बसलेत. फोन स्पीकरवर, पलीकडे मुंबईहून ईशा, किलिमांजारोला माणसं घेऊन जाणारी.)

मथुरा : ते सगळं कळलं गो, पण परसाकडला कुठं जायचं?

ईशा : काकी, त्याचा वेगळा छोटा तंबू असतो. आत खुर्चीसारखं भांडं. ते वाहायला खास माणूस असतो.

मथुरा : आमची घाण घेऊन तो डोंगर चढणार?

ईशा : हो. त्याला जाताना बक्षिसी चांगली द्यायची.

मथुरा : द्यायलाच हवी. ह्यांचं पोट बघता दुप्पट.

सखाराम : माझ्या पोटाला काय झालंय? सगळी नोकरी बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली...

मथुरा : काढलीत. आणि तो डोंगर बघितलात कुठं, ते सांगा तिला.

सखाराम : मोंबासाला.

मथुरा : बिअरच्या बाटलीवर! चित्र होतं डोंगराचं. ते बघून ठरलं, रिटायर झालो की चढायचं. बाटलीवर मगर असती तर मला मगरीवर बसवलं असतंत.

ईशा : काकी, तुम्हाला मनातून यायचं नसेल तर...

मथुरा : यायचंय तर! बूट घेतलेत. शेजारच्या आनंदीबाईला सांगून झालंय, आता नाय गेले तर ती गणपतीपुळ्यापर्यंत बोंब मारेल.

सखाराम : सराव जोरात चालू आहे, ईशा. रोज पाठीवर पिशवी घेऊन गावामागच्या डोंगरावर, सड्यावर चढतो.

मथुरा : मी चढते. हे अर्ध्यावर काजूखाली बसून समुद्र बघतात.

सखाराम : बघण्यासारखा असतो म्हणून बघतो.

मथुरा : एवढी वर्षं त्यातच होतात, तरी मन भरलं नाय.

ईशा : थांबत चढणं चांगलंच, काका. तिथले वाटाडेसुद्धा सारखं तेच सांगतात, पोले पोले.

मथुरा : न्याहारीला पोळे? बरं झालं. मला वाटलं, पाव चावत बसावं लागतंय.

ईशा : नाही हो काकी, पोले पोले म्हणजे त्यांच्या भाषेत हळूहळू.

मथुरा : हात मेल्यांनो! मग मी आपली सुकट घेते बरोबर.

ईशा : बंद तंबूत सुकट?

सखाराम : घेऊ दे गो. वास सुटला की सगळे भराभर वर पळतील.

ईशा : बरं, आता जरा महत्त्वाचं. शेवटची चढण अंधारात सुरू होते. थंडी मरणाची, हवा विरळ. एखाद्याला त्रास झाला की एक वाटाड्या त्याला लगेच खाली घेऊन जातो. तेव्हा जोडीदारानं काय करायचं, हे आम्ही घरूनच ठरवून यायला सांगतो. वर डोकं चालत नाही, नवरा-बायको भांडत बसतात. काका, काकींना उतरावं लागलं तर तुम्ही?

सखाराम : मी वर जाणार. तिच्याबरोबर वाटाड्या आहे ना? मी येऊन काय करणार?

ईशा : बरं. काकी? काकी, आवाज येतोय ना?

मथुरा : येतोय.

सखाराम : काय झालं गो?

मथुरा : काय नाय. आपल्या गौरवच्या वेळी, माझ्या बाळंतपणात पण हेच बोललात. डॉक्टर आहे ना, मी येऊन काय करणार.

सखाराम : तेव्हा बोट ब्राझीलला होती, मथुरा! समुद्रात उडी मारू?

मथुरा : वेदिकाच्या वेळी मुंबईत होती.

सखाराम : रजा नव्हती.

मथुरा : मागितलीत?

सखाराम : तेव्हा असल्या कामाला रजा कोण मागायचं?

ईशा : मी... उद्या फोन करू का?

मथुरा : थांब गो, तुझं अर्धंच विचारून झालंय. ह्यांना उतरावं लागलं तर मी काय करणार, ते विचार.

सखाराम : त्यात काय विचारायचं? येईल माझ्यामागून, कपाळाला बाम चोळत.

मथुरा : मी वर जाणार.

सखाराम : मला टाकून?

मथुरा : वाटाड्या आहे ना.

ईशा : मग... दोघांचंही तेच धरू?

सखाराम : नको, माझं बदल. तिला त्रास झाला तर मीपण उतरणार. खरंच सांगतो, मथुरा.

मथुरा : उतरा. मला बरंच वाटेल.

सखाराम : आणि तुझं?

मथुरा : माझं तेच. ईशा, ह्यांना काय झालं तर नीट खाली ने हो, बाळा. पांघरूण घाल. मी जाऊन येईन.

सखाराम : आणि मी त्या तंबूत एकटा बसून करू काय?

मथुरा : काय करायचं त्यात? तुम्ही बोटीवर असताना मी इथं करायचे तेच. वेळेवर जेवायचं. कोण आलं-गेलं तर सगळं बरं आहे म्हणून सांगायचं. आणि फोन वाजला की धावत सुटायचं नाय. बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा असतो.