सोमवारी नऊच्या ठोक्याला

कोर्टाच्या व्हरांड्यात अर्ज टाइप करणाऱ्या बाईंची बोटं मध्येच थांबली. आतून शिंपीमास्तर आले होते आणि शेजारच्या बाकावरची आरोपीची आई धडपडत उठली होती.

"काय झालं हो मास्तर? मला तर आत यायचा धीरच झाला नाही."

"सुटला. जज्जसाहेबांनी दीड वर्षाचे डॉक्टरांचे कागद वाचले आणि खटला बंद केला. उपचार नीट पुरे केलेत, म्हणाले."

"तुरुंगाऐवजी दवाखान्यात पाठवा, हे तेव्हा तुम्हीच सांगितलंत. नुकसान तुमचं झालेलं असून."

"चौदा कोट कातरून टाकले त्याने माझ्या दुकानातले. पण कोटांतून कुणी शिव्या देतंय असं ऐकू येत होतं बिचाऱ्याला. डांबून काय कोट परत मिळणार होते?"

"आहे कुठे तो?"

"सह्या करतोय. आत्ताच झापलाय त्याला."

"झापलात?"

"सोमवारपासून परत कामावर ये म्हटलं, तर म्हणतो, दहाला येतो. म्हटलं, दुकान काय तुझ्या बापाचं आहे? नऊच्या ठोक्याला मशीनवर बसायचं."

"असं म्हणालात त्याला?"

"का, चुकलं माझं?"

"नाही हो. दीड वर्षं सगळे त्याच्याशी काचेचं भांडं असल्यासारखे बोलतायत. मीसुद्धा. तो काय म्हणाला?"

"तोंड वर करून म्हणतो, मग नऊचा चहा तुमच्याकडे."

आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"मास्तर, पाच मिनिटं जरी उशीर केला ना, तरी असाच झापा त्याला."