वेशीवर थांबलेली स्वारी

मंडळी, बसून घ्या. पुढे जागा आहे, मागे दाटी करू नका. टाळकरी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मला आधी एक विचारायचंय.

माणूस घरी आला, हे ठरवायचं कुणी? येणाऱ्यानं, की वाट बघणाऱ्यानं?

सोपं वाटतं ना? दारात वहाणा दिसल्या, खुंटीला सदरा दिसला, म्हणजे आला. बघू.

त्याआधी एक शब्द घेऊ. स्वारी. मास्तर, तुम्ही सांगा, स्वारी म्हणजे काय? "दुसऱ्याच्या मुलखावर चालून जाणं." बरोबर, पुस्तकात तेच आहे. पण आपल्या देवाची पालखी निघाली की आपण काय म्हणतो? देवाची स्वारी निघाली. पूर्वी टांगेवाला म्हणायचा, "थांबा, अजून एक स्वारी येऊ द्या." त्याला काय गड घ्यायचा होता? आणि घरात? सकाळी नवरा न बोलता चहा पिऊन उठला की बायको सुनेला हळूच म्हणते, "आज स्वारीचं काही खरं नाही." बघा, या बाजूला माना खाली घालून हसणं चाललंय. म्हणजे घरोघरी आहे.

ज्या शब्दाला परमुलूख घाबरायचा, त्या शब्दाचा बायकांनी नवरा करून टाकला. आता एका बाईची आणि तिच्या स्वारीची गोष्ट ऐका.

नीरेच्या खोऱ्यात निंबवडी म्हणून गाव होतं. शोधायला जाऊ नका, गोष्टीतलं गाव आहे. तिथं हैबती नावाचा स्वार होता. घोडा सरदाराचा, अंग आपलं, अशी चाकरी. दसऱ्याला सीमा ओलांडायची, आठ महिने स्वारीवर राहायचं, आणि ज्येष्ठात पावसाच्या तोंडावर घरी यायचं. त्याची बायको साळू. मूलबाळ नाही. दोघंच.

त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. साळूसुद्धा शेजारणीला म्हणायची, "आमची स्वारी येईल आता." नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. आणि निंबवडीची एक रीत होती. स्वारीवरून आलेला माणूस थेट घरात जात नसे. गावाच्या वेशीवर थांबायचा. बायको तिथं पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन जायची. तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, आणि चारचौघांत उखाणा घेऊन नवऱ्याचं नाव घ्यायचं. वेशीचा राखणदार धोंडू विचारायचा, "कोण आलंय?" तिनं नाव घेतलं की तो बाजूला व्हायचा. नाव घेतलं नाही, तर माणूस आला नाही.

साळू वर्षभर तो उखाणा जुळवायची. दळताना, निवडताना, शेणानं सारवताना. वर्षातून एकदा तिच्या तोंडून ते नाव बाहेर पडायचं. बाकीचे दिवस ते तिच्यापाशी तोंड बांधलेल्या मडक्यासारखं असायचं.

एका वर्षी काय झालं? हैबतीनं मोठा पराक्रम केला. तटावर पहिला तो चढला. सरदारानं हातात चांदीचं कडं घातलं. परत येताना सरदाराचा मुक्काम शेजारच्या गावी पडला. म्हणाला, "हैबती, दोन दिवस राहा, लोकांना सांग कसा चढलास ते." राहिला. कौतुक कुणाला नको असतं? मलाही हार घातला की मान आपोआप लांब होते.

इकडं साळूला निरोप मिळालेला, स्वार आले. ती वेशीवर उभी. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तांब्यातलं पाणी बदलून बदलून उभी. धोंडू म्हणाला, "वहिनी, सावलीत तरी बसा."

"बसले आणि नजर चुकली तर?"

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना हैबती निघाला. पोटात भूक. वेशीला वळसा पडतो, म्हणून शेताच्या बांधानं आला आणि परसदारातून घरात शिरला. साळू हताश होऊन घरी आली, तर हा चुलीपाशी बसून गार भाकरी खातोय.

"कुठं होतीस गं? घर उघडं टाकून?"

ती म्हणाली, "वेशीवर."

"मी तर आलो की."

तिनं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "पाहुणे, कालवण वाढू का?"

हैबती हसला. त्याला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशीही तेच. "पाहुणे, आंघोळीला पाणी काढलंय." शेजारची चिमाबाई, कुंभारीण, विचारायला आली, "आली का गं स्वारी?" साळू म्हणाली, "नाही बाई. एक पाहुणे आलेत, मुक्कामाला आहेत." आणि हैबती तिथंच ओट्यावर दाढी करत बसलेला!

मग तो चिडला. "साळू, पुरे झालं. मी काय करावं म्हणतेस?"

"वेशीपर्यंत मागं जा. तिथं थांबा. मी येते, नाव घेते, मग या."

"दोनशे पावलं उलटा जाऊ? गाव हसेल."

"मी दोन दिवस उभी होते, तेव्हा गाव हसलं नाही वाटतं?"

मंडळी, तटावर चढणारा माणूस. चार मुलूख पालथे घातलेला. त्याच्याच्यानं दोनशे पावलं मागं जाववेना. परमुलखावर स्वारी सोपी असते हो. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही.

चार महिने पाऊस पडला. साळूनं काही कमी केलं नाही. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, आजारी पडला तेव्हा रात्रंदिवस उशाशी. पण तोंडी शब्द एकच, पाहुणे. आणि रोज संध्याकाळी ती वेशीवर एक तांब्या पाणी ठेवून यायची.

दसरा आला. हैबती निघाला. ती पोचवायला वेशीपर्यंत आली. हातावर दही घातलं. म्हणाली, "स्वारीला जाताय, सुखरूप जा. पण येताना आमच्या स्वारीला या वाटेनं धाडा."

तो घोड्यावर बसला. पण आठ महिने ते वाक्य त्याच्या मागं चाललं. तंबूत झोपला की उशाला तांब्या दिसायचा. या वर्षी त्यानं कडं मिळवलं नाही, तटावर पहिला चढला नाही. दिवस मोजत राहिला. ज्येष्ठ लागला. सरदार म्हणाला, "राहा दोन दिवस." हा म्हणाला, "नाही धनी. मला गेल्या वर्षीच पोचायचं होतं."

आला. वेशीवर उतरला. घोड्याचा लगाम धरून उभा राहिला. धोंडू समोर होता, पण त्यानं "कोण आलंय" विचारलं नाही. मान खाली घातली.

"धोंडू, तिला सांग, मी थांबलोय."

धोंडू म्हणाला, "दादा, आत या."

"असा कसा येऊ? नाव घेतलं नाही अजून."

"दादा, साळूवहिनी माघात गेल्या. तापानं. चार दिवसांत."

हैबती हलला नाही. तासभर तसाच उभा. लोक जमले. कुणी म्हणालं, चला घरी. कुणी हात धरला. हा एकच म्हणत होता, "मी वेशीनं आलोय. तिला सांगा, वेशीनं आलोय."

तेवढ्यात गर्दीतून चिमाबाई पुढं आली. हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. परका पुरुष, म्हणून पदर तोंडावर ओढून, पाठ फिरवून उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, जाताना तिनं माझ्याकडून पाठ करून घेतलं. तीनदा म्हणायला लावलं. म्हणाली, स्वारी या वाटेनं आली तरच म्हण. परसदारानं आली तर गप्प बस."

धोंडूनं विचारलं, "कोण आलंय?"

चिमाबाई म्हणाली,

"उन्हाळा गेला वाटेकडे, डोळ्यांवरती हात,
हैबतराव आले वेशीत, आता टाकते भात."

पाणी पायांवर पडलं. धोंडू बाजूला झाला. हैबती दोनशे पावलं चालला. घरात गेला, चूल पेटवली, आणि तांदूळ धुऊन भात टाकला. दोघांचा.

एवढीच गोष्ट.

मंडळी, गेल्या माघात माझी कारभारीण गेली. मी पण गावोगाव हिंडणारा. कीर्तन आटपून एसटीनं घरी यायचो. ती सुनेला म्हणायची, "स्वारी आली, पाणी ठेव." पाणी यायचं, मी प्यायचो. पण डोक्यात उद्याचं आख्यान. ती काही सांगत असायची, गाय आटली, नातवाला दात आला. मी हं हं म्हणायचो. चाळीस वर्षं परसदारानं घरात शिरलो मी. तिनं कधी पाहुणे म्हटलं नाही, एवढाच तिचा मोठेपणा. तुम्हाला सगळ्यांना मी मंडळी म्हणतो. बायकोलाही मंडळीच म्हणतात; हा शब्द घरी त्या एकीसाठी होता, आता तुमच्यातच वाटून टाकलाय.

आता मी घरी जातो तेव्हा उंबऱ्याशी थांबतो. सून म्हणते, "मामंजी, आत या ना." मी म्हणतो, येतो. थोडा वेळ उभा राहतो.

तर सुरुवातीला विचारलेलं आठवतंय ना? घरी आला हे कुणी ठरवायचं? मी सांगणार नाही. आता प्रसाद घ्याल, घरी जाल. दारात थांबा. डोक्यातलं बाजार, शेत, कोर्टकचेरी, माझं कीर्तनसुद्धा बाहेर ठेवा. आतून कुणी विचारेल, "आलात का?" रोज विचारतं, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.

आज ऐका. ओ द्या. मग आत पाय ठेवा.

यमाजी, घ्या मृदंग. देवाचं नाव घेऊ. त्याचं तरी वेशीवर उभं राहून घेऊ.