ताईची बाटली

रड, पण त्या टेबलावर नको, आत्ताच पुसलंय. इथं बस — स्टूल डगमगतं, भिंतीला टेकव. काय म्हणाल्या मॅडम? तूच घोळ घातलास म्हणे — ताईच्या पेशी म्हणून दोन वर्षं वाढवल्या त्या ताईच्या नाहीतच, शेजारच्या बाटलीतल्या जुन्या बाईच्या निघाल्या. माहितेय मला ती. छातीच्या कॅन्सरनं कधीच गेली, पण पेशी अजून प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतून हुंदडताहेत. मेल्यावरही हिंडणं सुटेना बयेचं!

माझी ताई तशी नव्हती. तिच्या छातीतली गाठ काढली तेव्हा कागदावर सही करताना म्हणाली, तू काचेची भांडी धुतेस तिथंच जाऊ दे तुकडा, तुझी नजर राहील. राहिली की नजर. ती गेली, तरी रोज कामाला लागण्याआधी मी त्या उबेच्या कपाटात डोकावायचे — बाटलीतलं पाणी गुलाबी, म्हणजे ताई बरी. वेडेपणा? असेल, चौथी शिकलेय मी. पण तूच सांगितलं होतंस ना, पाणी पिवळं पडलं की पेशी भुकेल्या?

मग त्या लांब सुट्टीत — अशी बघू नकोस, ऐक — तुम्ही सगळे आपापल्या घरी, फोन कुणी उचलेना, नि ताईची बाटली पिवळीजर्द. शेवटचे आठ दिवस तिच्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं — चमचा धरून बसायचे मी, दात उघडायची नाही. आणि इथं परत उपाशी? शेजारच्या बाटलीत गुलाबी पाणी भरपूर. हातमोजे घातले, पिवळं ओतून टाकलं, नि तिच्यातलं निम्मं हिच्यात घातलं. मला काय ठाऊक, पाण्याबरोबर ती बयाच येऊन बसेल नि ताईला जागाच ठेवणार नाही? गोठवून ठेवलेल्या पेशीही त्यानंतरच्याच ना? म्हणजे संपलं.

नाही, मला रडू येत नाही. काहीच येत नाही. मॅडमना मी सांगते, नोकरी गेली तर गेली — तुझ्या शिक्षणाला बट्टा कशाला? दे ती बाटली. पेशी मारायचं ब्लीच मीच ओतते, रोजचंच काम आहे. एखादी तरी पेशी असेल का गं ताईची, यात — नको. सांगू नकोस. ऊठ, तोंड धू, नि जाताना दार ओढून घे. ओढ म्हटलं ना.